पोटाखालची लोकर

ग्लेनमोरी, कॅम्पबेल टाउनजवळ, टास्मानिया
६ जून २०२३

ब्रॉनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे शेगडीत टाकलं नसशील तर वाच. दहा वर्षांत मी तुला एकच पत्र लिहिलं, तेही एका ओळीचं, तेव्हा हे लांबलं तर दचकू नकोस. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. असता तरी फोन केला नसता. मी बोलत असताना मध्ये कुणी तोडलेलं मला खपत नाही आणि तू तर एका वाक्यात तीनदा तोडायचीस.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. काम आहे. तुझ्या एल्सीला जे इंजेक्शन चालू झालं त्याचं नाव हवंय, आणि मेलबर्नच्या त्या डॉक्टरीणबाईंचंही. इथे शेजारी एक तान्हं बाळ आहे, आठ आठवड्यांचं. गार हवेत बाहेर काढलं की अंगभर लाल चट्टे उठतात, पित्त उठल्यासारखे. संध्याकाळी ताप चढतो, डोळे लाल होतात. गावातला डॉक्टर म्हणतो, दुधाचं पुरळ आहे, जाईल. मला तसं वाटत नाही. पण म्हातारीला कोण विचारतो? म्हणून म्हटलं, तुलाच विचारावं.

बाकी इथे सगळं ठीक. थंडी जरा जास्तच आहे, सकाळी नऊपर्यंत गवत पांढरं असतं. तू परसात लावलेलं क्विन्सचं झाड अजून उभं आहे. मी तोडणार होते, राहून गेलं.

उत्तर पोस्टाने पाठव आणि पाकिटावर फक्त माझं नाव घाल. घरी दुसऱ्या कुणी फोडायला नको.

मर्ल


ग्लेनमोरी
१९ जून

ब्रॉनी,

तुझं पत्र मिळालं. मोजून चार ओळी. डॉक्टरीणबाईंचं नाव, नंबर आणि इंजेक्शनचं नाव पहिल्याच ओळीत लिहिलंस. तू बाकी कशीही असलीस तरी आजारी पोराला ताटकळत ठेवणारी नव्हतीस, ते मला मान्य आहे.

दुसऱ्या ओळीत लिहितेस, “मर्ल, तुमच्या घरापासून अकरा किलोमीटरच्या आत एकही शेजारी नाही. बाळ कॅलमचं आहे ना?”

हो. कॅलमचं आहे. तुझ्यानंतर, दोन वर्षांपूर्वी, त्याने पुन्हा लग्न केलं. मुलीचं नाव टेस, लॉन्सेस्टनची. दातांच्या दवाखान्यात कामाला होती. मेंढीला कुठून धरायचं हे कळायला तिला सहा महिने लागले, पण पोर गुणाची आहे आणि मला उलट बोलत नाही. बाळाचं नाव फिन. कॅलमला वाटतं, डॉक्टर म्हणतो तेच खरं. एल्सीचं दुखणं त्याच्या डोक्यात येतच नाही, कारण तो भाग आपल्याकडून आलेला नाही अशी त्याची खात्री आहे. ही खात्री त्याला कुणी दिली, ते तुला सांगायला नको.

तिसरी ओळ तुझी टोचणारी आहे. “त्या दिवशी होबार्टला डॉक्टरांनी काय विचारलं होतं, आठवतं का?”

आठवतं. मी म्हातारी झालेय, खुळी नाही. एल्सी साडेतीन वर्षांची होती. कॅलम मेंढ्यांच्या लिलावाला गेला होता, म्हणून गाडी चालवत मी आले होते. एल्सी तुझ्या मांडीवर बसून डॉक्टरच्या पेनाचं टोपण काढत-घालत होती. डॉक्टर म्हणाला, “घरात आणखी कुणाला थंडीत असे चट्टे, असा ताप? वडिलांना लहानपणी?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, “आमच्याकडे असलं काही नाही. आमचा वंश स्वच्छ आहे.” त्याने कागदावर एक रेघ मारली आणि तुम्हाला सांधेदुखीच्या डॉक्टरकडे पाठवलं.

मग? मी काय खोटं बोलले? कॅलमला उभ्या जन्मात कधी दवाखान्यात न्यावं लागलं नाही. पुढे एल्सी सात वर्षांची असताना मेलबर्नहून त्याचं रक्त मागवलं, तेही त्याने पाठवलं. निकाल आला: वडिलांच्या रक्तात तो बदल नाही. कागद माझ्या कपाटात आहे. तेव्हाच तर मी तुला ते एका ओळीचं पत्र लिहिलं होतं. ‘सांगितलं होतं ना.’ तू ते जपून ठेवलं असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

असो. डॉक्टरीणबाईंकडे जायला वेळ लागेल. टेसला काय कारण सांगून पाठवायचं, ते बघते आहे. तोवर मी आहेच. फिनला कोमट पाण्यात ओटचं पीठ कालवून अंघोळ घालते, त्याने कॅलमलाही तासाभरात उतार पडायचा. रात्री लोकरीचं सोडून सुती कपड्यात गुंडाळते. ताप आला की कपाळावर ओलं फडकं.

चौथ्या ओळीला उत्तर देत नाही. एल्सीच्या कानांबद्दल मी तुला विचारलं नव्हतं.

मर्ल


ग्लेनमोरी
४ जुलै

ब्रॉनी,

एकच प्रश्न लिहून पत्र पाठवायला लाज नाही वाटली? “ओटचं पीठ कॅलमला कशासाठी लागायचं?” आणि खाली धमकी. “या रविवारपर्यंत थांबते. मग टेसला मी फोन करीन.”

धमकी देऊ नकोस मला. मी टेसला सांगायला तुझी परवानगी घेणार नाही.

हे वाक्य लिहून मी चहा करायला उठले होते. परत आले तरी तुझा कागद टेबलावर तसाच होता.

बरं, ऐक.

कॅलम दीड महिन्याचा होता तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सगळ्या अंगावर नाही, फक्त उजव्या हाताला आणि पाठीच्या उजव्या बाजूला. मधोमध जणू कुणी दोरी धरली होती, इतकी सरळ हद्द. सकाळी दंवात बाहेर काढलं की चट्टे, संध्याकाळी थोडी कणकण, बोलायला लागल्यावर गुडघा दुखतो म्हणून रडायचा, दुसऱ्या दिवशी काही नाही. मी तुझ्या सासऱ्याला, आर्चीला म्हटलं, डॉक्टरला दाखवू. आर्ची म्हणाला, “खुळी आहेस का? ज्या घरचा मुलगा चट्ट्यापट्ट्यांचा, त्या घरचा मेंढा पैदाशीला कोण नेईल? लोक आधी आपल्याकडे बघतात, मग कळपाकडे.” तू हसशील. पण आमच्या भागात लोक खरंच तसं बघतात. तुझ्या लग्नात आर्चीच्या भावाने तुझे दात आणि घोटे बघून मान डोलावली होती, ते तू विसरली नसशील.

कॅलम मोठा झाल्यावर विचारायला लागला तेव्हा मी त्याला सांगितलं, मेंढ्या बुडवतो त्या औषधाची तुला खाज येते. त्याने मानलं. अजून मानतो. ते औषध वापरणं सोडून वीस वर्षं झाली, तरी दर हिवाळ्यात उजवी बाही खाली ओढतो आणि त्या औषधाला शिव्या देतो. त्याला कुणीही विचारलं असतं तरी त्याने ‘नाही’च म्हटलं असतं. तो खोटारडा नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

आता तुला माहीत नाही ते सांगते. कॅलम पाच वर्षांचा असताना आमच्याकडे बॅरन नावाचा मेंढा होता. खांद्यावरची लोकर उघडली की गिऱ्हाईक बोलायचं थांबायचं, इतकी बारीक आणि नागमोडी. वंशावळीच्या वहीत त्याच्या सात पिढ्या स्वच्छ. पण त्याची तीन कोकरं बकरीसारख्या सरळ, चकचकीत केसांची निघाली. आर्चीने वही काढली. मेंढा स्वच्छ, मेंढ्या स्वच्छ. मग उरलं काय? कुंपण ओलांडून आलेला दुसऱ्याचा मेंढा. असंच मानतात सगळे, आम्हीही मानलं. कोकरं वहीतून खोडली आणि कापली. पलीकडच्या मॅकब्राइडशी आर्चीने कुंपणावरून जे भांडण केलं, ते दोघे मरेपर्यंत मिटलं नाही.

त्या वर्षी कातरणीला एक माणूस कमी होता म्हणून लोकर निवडायच्या टेबलाशी मी उभी होते. पोटाखालची लोकर आधी निघते, ती वेगळ्या ढिगात जाते, तिला कुणी निरखत नाही. बॅरनची माझ्या हातात आली. त्यात तळहाताएवढा तुकडा तसाच होता, सरळ, चकचकीत. म्हणजे सगळा मेंढा एक आणि हा तळहात दुसरा. आणि त्या तळहातातून ज्या कोकराला मिळालं, त्याच्या अंगभर तेच. मी आर्चीला दाखवलं. त्याने तो तुकडा शेगडीत टाकला आणि आठवड्याच्या आत बॅरनला मारला. वही दुरुस्त केली नाही. मॅकब्राइडकडे गेला नाही.

तेव्हा मला माहीत होतं, ब्रॉनी. एल्सीचे चट्टे पहिल्यांदा पाहिले तेव्हाही माहीत होतं आणि होबार्टच्या त्या खोलीतही. डॉक्टरने ‘वडिलांना?’ म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कॅलमचा उजवा हात आला. तरी मी ‘नाही’ म्हटलं.

आणि मग ते कार्ड. कोकराच्या कानातलं रक्त टिपून बाप कोण ते ठरवायचं, ते कार्ड मी तुझ्या नाश्त्याच्या ताटलीशेजारी ठेवलं. टोस्ट, मुरंबा, कार्ड. तू त्याकडे बघितलंस, एल्सीला बूट घातलेस आणि निघून गेलीस. कॅलम तुझ्या मागे जायला उठला होता. मी त्याला म्हटलं, निर्दोष असती तर पोरीच्या कानाला टोचून दाखवलं असतं.

का केलं, असं विचारशील. भीती वाटली म्हणून. ते दुखणं तुझ्याकडून आलं असतं, किंवा कुंपणापलीकडून, तर मी डॉक्टरला खोटं बोलले असं झालंच नसतं. तुझ्यावर ढकललं की मी सुटत होते. एवढंच कारण आहे. याहून बरं असतं तर लिहिलं असतं.

एल्सीचा डावा कान गेला आणि उजवा यंत्रावर चालतो, हे तू चौथ्या ओळीत लिहिलंस. साडेतीन वर्षांची असताना तिचे दोन्ही कान चांगले होते. टोपण खाली पडलं की ती आवाजाकडे वळून बघत होती. इंजेक्शन सात वर्षांची झाल्यावर मिळालं. मधली साडेतीन वर्षं माझी आहेत.

फिनला काल पुन्हा ताप होता. रविवारी जेवायला सगळे असतील. तेव्हा सांगेन. तू फोन करू नकोस. तू केलास तर मला सांगावं लागणार नाही, आणि मला ते बरं वाटेल, म्हणूनच करू नकोस.

मर्ल


ग्लेनमोरी, कातरणीवाल्यांची खोली
२८ ऑगस्ट

ब्रॉनी,

पत्ता बदललेला दिसेल. फार लांब नाही गेले, अंगणापलीकडे. मला घर सोड असं कुणी म्हटलं नाही. टेस माझ्यासमोर बसून जेवू शकत नव्हती आणि बाळाला दूध पाजणाऱ्या बाईने उपाशी राहू नये, म्हणून मीच सामान उचललं.

रविवारी सांगितलं. मटण भाजलं होतं, पुदिन्याची चटणी केली होती. मला वाटलं होतं, सुरुवात आर्चीपासून करावी, म्हणजे थोडा दोष त्याच्या पदरात पडेल. पण तोंड उघडल्यावर सरळच आलं. “कॅलम, तुझ्या हाताला येतं ते औषधामुळे नाही. तेच एल्सीला होतं आणि तेच फिनला आहे. मला आधीपासून माहीत होतं.”

टेस उठली आणि माझ्या मांडीवरून फिनला उचलून घेऊन गेली. ओढून नाही, अलगद. तिने मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कॅलमने बाही वर केली. हाताकडे बघत बसला. मग म्हणाला, “पण माझं रक्त तर स्वच्छ आलं होतं.” मी म्हटलं, “बॅरनचा खांदाही स्वच्छ होता.” त्याला बॅरनची गोष्ट सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली आणि बाहेर गेला. तीन दिवस तो मेंढ्यांशी बोलत होता, कुत्र्याशी बोलत होता. चौथ्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, “आई, त्या सकाळी कार्ड ब्रॉनीसमोर ठेवलंस. माझ्यासमोर का नाही ठेवलंस?”

 

मेलबर्नला मीही गेले. टेसला नको होतं, पण डॉक्टरीणबाईंना सगळं माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, जवळजवळ त्याच शब्दांत. या वेळी मी उत्तर दिलं. उजवा हात, पाठीची उजवी बाजू, गुडघा, कितव्या आठवड्यापासून, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे आधी कुठल्या डॉक्टरला सांगितलं होतं का?” मी ‘नाही’ म्हटलं. ते ‘नाही’ खरं होतं.

कॅलमचं रक्त घेतलं, गालाच्या आतून घासून घेतलं, केस मुळासकट उपटले, आणखीही काही घेतलं ते त्याने मला सांगितलं नाही. चार ठिकाणी लोकर उघडून बघतात तसं. निकाल गेल्या आठवड्यात आला. त्याच्या रक्तातल्या शंभर पेशींपैकी सहांत तो बदल आहे, गालात त्याहून जास्त. मागच्या वेळची तपासणी इतकं थोडं बघूच शकत नव्हती. बाई म्हणाल्या, अशा माणसाला मोझेइक म्हणतात, एकाच अंगात दोन तऱ्हेच्या पेशी. आईच्या पोटात असतानाच कधीतरी एका पेशीत बिघाड होतो आणि तिच्यापासून वाढतं तेवढंच बिघडतं. त्याचं स्वतःचं दुखणं म्हणून हलकं. पण मुलाला तो बदल मिळाला तर अंगातल्या प्रत्येक पेशीत मिळतो. “यात दोष कुणाचाच नाही,” असंही म्हणाल्या. टेस खिडकीबाहेर बघत होती.

फिनला इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगावर एक चट्टा नव्हता. ब्रॉनी, एका रात्रीत. टेसने त्याला उघडा करून पोट, पाठ, तळपाय, सगळं पाहिलं आणि रडायला लागली. मीही तिथेच होते. मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी वाटलं की हेच एल्सीच्या बाबतीत ती साडेतीन वर्षांची असताना झालं असतं. तेव्हापासून आनंद वेगळा काढता येत नाही. फिनचे दोन्ही कान चांगले आहेत. टाळी वाजवली की वळतो.

वहीच्या पहिल्या पानावर आर्चीने घरच्यांची नावं लिहिली होती. तू गेल्यावर एल्सीचं मी लाल शाईने खोडलं होतं, कोकराचं खोडतात तसं. परवा ते पुन्हा लिहिलं. लाल रेघ पुसली जात नाही, म्हणून बाजूच्या कोऱ्या जागेत लिहावं लागलं.

कॅलम एल्सीला पत्र लिहायला बसतो आणि फाडतो. त्याला दारात उभं करायचं की नाही, ते तू ठरव. तो घाबरट आहे, पण त्याचा गुन्हा माझ्यापेक्षा लहान आहे.

तू मागच्या पत्रात मागितलंस तसं सगळं माझ्या हाताने लिहून दिलं आहे. ही पत्रं एल्सीला वाचायला दे. सोळा वर्षांची होईपर्यंत थांबायचं असेल तर थांब. ‘थांबू नकोस’ म्हणायचा हक्क मला नाही, मी स्वतः इतकी वर्षं थांबले.

मर्ल


ग्लेनमोरी
१७ सप्टेंबर

एल्सी,

तुझ्या आईने सोळाव्या वर्षापर्यंत थांबायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. बरं केलं. तुझं पत्र काल आलं. अक्षर तुझ्या आजोबांसारखं आहे, उजवीकडे कललेलं. ते तुला आवडणार नाही, पण आहे.

मला वाटलं होतं, तू चिडून लिहिशील. दोन परिच्छेद शाळेबद्दल, एक फिनबद्दल, त्याच्या पायाचा फोटो हवा म्हणून. फोटो सोबत घातला आहे. टेसने काढून दिला. न विचारताच दिला.

मग खाली तू लिहिलंस:

“दोन्ही कानांनी ऐकलेले आवाज मला फार थोडे आठवतात. आईचं गाणं आठवतं. कुत्र्याचं भुंकणं. आणि एका बाईचा आवाज, लोकरीचा वास येणाऱ्या जागेत. ती म्हणते, ‘ही आमची नाही.’ मी आईला विचारलं तर ती म्हणते, तू लहान होतीस, तुला भास झाला असेल. मला माहीत आहे की ती मला जपते. म्हणून तुम्हाला विचारते. असं खरंच कुणी म्हटलं होतं का?”

हो, एल्सी. भास नाही. तू चार वर्षांची होतीस, शेडमध्ये फळीवर बसली होतीस, हातात लोकरीचा गोळा होता. आई तुझ्या शेजारी उभी होती. ते मी म्हटलं.

कातरायचं यंत्र चालू होतं, म्हणून मोठ्याने म्हटलं होतं.

मर्ल